मलेरियाचं कार्ड लावताना: हॉस्पिटलात नव्याने लागलेल्यांसाठी

"एमपी पाठवलंय, कार्ड लावून लगेच सांग गे बाय."

जून उजाडला की आमच्या लॅबच्या फोनवर वॉर्डातल्या सिस्टर हेच बोलतात, ते पार दिवाळीपर्यंत. एमपी म्हणजे मलेरियल पॅरासाईट आणि कार्ड म्हणजे मलेरियाची रॅपिड टेस्ट. गोव्यात कुठल्याही हॉस्पिटलात लागा, लॅबमध्ये किंवा वॉर्डात, पहिल्या आठवड्यातच हे कार्ड तुमच्या हातात येतं. ते दिसायला इतकं सोपं असतं की शिकवायचं कुणाला सुचत नाही. रक्ताचा थेंब टाका, बफरचे म्हणजे किटसोबतच्या द्रवाचे थेंब टाका, पंधरा मिनिटं थांबा, रेघा मोजा. मीही अशीच शिकले होते, म्हणजे शिकलेच नव्हते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. अ‍ॅडमिट पेशंटचं कार्ड एकटं लावायचं नाही. त्याच वेळी, त्याच रक्ताची काच काढायची, म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचा. कार्डाने पंधरा मिनिटांत एका प्रश्नाचं उत्तर मिळतं, पण हॉस्पिटलात पडलेल्या माणसाबद्दल डॉक्टरांना चार प्रश्न पडलेले असतात.

आपल्याकडे हा ताप कुठून येतो

तापाने गाव ओस पडणं गोव्याला नवीन नाही. जुनं गोवें रिकामं झालं त्यामागे साथीचे रोग होतेच, आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. पण आजचा आपला मलेरिया त्या काळातला नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पणजीत, मग कांदोळी-कळंगुटच्या पट्ट्यात इमारती उभ्या राहायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर हा वाढला. इथला मुख्य डास अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी. त्याला शेत-रान लागत नाही. स्लॅबवर क्युरिंगसाठी साठवलेलं पाणी, झाकण नसलेली टाकी, वापरात नसलेली विहीर एवढं त्याला पुरतं. त्यात झारखंड, ओडिशा, बिहार, कर्नाटकातून कामाला येणाऱ्या माणसाच्या रक्तात परजीवी असले की साखळी पुरी होते. म्हणूनच गोव्यात बांधकामावरच्या कामगारांची रक्ततपासणी करून त्यांना हेल्थ कार्ड देण्याची पद्धत आहे.

यातून एक वाईट सवय मात्र लागते. मलेरिया म्हणजे साईटवरचा कामगार, असं डोक्यात पक्कं बसतं. मग डिचोलीच्या कुळागरवाल्या काकांना थंडी वाजून ताप आला तर सगळे डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) शोधतात आणि एमपी चौथ्या दिवशी आठवतं. सत्तरी तालुक्यातला पेशंट असेल तर माकडतापाचं नाव निघतं, तेही बरोबरच आहे. पण थंडी-तापाच्या कुठल्याही अ‍ॅडमिट पेशंटचं एमपी पहिल्याच दिवशी जायला हवं. प्लेटलेट्स डेंग्यूतच पडतात असंही नाही, व्हायवॅक्समध्येही त्या धाडकन खाली येतात. (व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीच्या आपल्याकडच्या दोन मुख्य जाती.) फॉर्मवर डॉक्टरांनी फक्त 'डेंग्यू एनएस१' लिहिलेलं असेल आणि तुम्हाला शंका आली, तर फोन करून विचारा. कोणी रागावत नाही. रागावले तरी विचारा.

कार्डाच्या आत काय आहे

कार्ड परजीवी बघत नाही, परजीवीने रक्तात सोडलेली प्रथिनं ओळखतं. एवढं नीट डोक्यात शिरलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. फाल्सिपेरमसाठी बहुतेक कार्डं एचआरपी-२ नावाचं प्रथिन पकडतात. व्हायवॅक्ससाठी किंवा सगळ्या जातींसाठी पीएलडीएच पकडतात, काही कार्डांत अल्डोलेज असतं.

या दोन प्रथिनांचे स्वभाव वेगळे आहेत. जिवंत परजीवीच पीएलडीएच बनवतात. औषध लागू पडलं की ते काही दिवसांत नाहीसं होतं. एचआरपी-२ मात्र परजीवी मेल्यावरही रक्तात दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त रेंगाळतं. पाहुणा गेला तरी त्याच्या चपला दारात राहाव्यात तसं. दारात चपला दिसल्या म्हणून पाहुणा घरात आहे असं आपण सांगत नाही ना? फाल्सिपेरमची रेघ वाचताना हे लक्षात ठेवा.

सरकारी कार्यक्रमात २०१३ पासून फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स दोन्ही ओळखणारी कार्डं आली. त्याआधीची फक्त फाल्सिपेरम सांगायची. तुमच्या वॉर्डातल्या एखाद्या जुन्या सिस्टर अजून म्हणतात, "कार्डात व्हायवॅक्स येत नाही." त्यांना दोष देऊ नका, त्या वेळी ते खरंच होतं.

पाकीट फाडण्याआधी

आमच्या हवेत कार्डाचा खरा शत्रू दमटपणा. म्हणून पाकिटात सिलिका जेलची पुडी असते आणि पहिलं काम ती बघायची. पुडीतल्या दाण्यांचा रंग बदललेला असेल तर ते कार्ड गेलं. मूळ रंग कुठला आणि बदलल्यावर कुठला, हे किटच्या कागदावर लिहिलेलं असतं. कंपन्यांप्रमाणे तो वेगळा असतो, त्यामुळे पाठ करू नका, वाचा. पाकिटाला बारीक टोक लागून भोक पडलेलं असलं तरी ते बाजूला टाका. बाहेरून दिसत नसेल तर बोटाने दाबून बघा, हवा निसटते का ते कळतं.

डब्यावर साठवणीचं तापमान असतं, बहुधा ४ ते ३० अंश किंवा २ ते ४० अंश. मे महिन्यात बंद खोलीत, पत्र्याखाली ठेवलेला डबा ४० च्या पलीकडे सहज जातो. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर फ्रीझरच्या कप्प्याला टेकवू नका. आणि फ्रीजमधून काढलेलं पाकीट तसंच फाडू नका. ते बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड कार्डावर गोव्याची हवा लागली की थंड बाटलीला सुटतं तसं पाणी सुटतं, आणि ओली पट्टी काय दाखवील याचा भरवसा नाही.

एक्सपायरी बघा. बॅच नंबर रजिस्टरमध्ये आधीच लिहा, नंतर लिहीन म्हणालात की राहतं. पेशंट समोर नसेल तोवर पाकीट फाडायचं नाही. सकाळच्या गर्दीसाठी पाच पाकिटं आधीच फाडून ठेवणारी माणसं मी बघितली आहेत, कार्यक्षमतेच्या नावाखाली.

रक्त किती, कुठे, कसं

वॉर्डात बोटाच्या टोकाचं रक्त चालतं आणि लॅबमध्ये आलेली जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूबही (रक्त गोठू न देणारी) चालते, किटच्या कागदावर दोन्ही लिहिलेलं असेल तर. ट्यूब असेल तर आधी ती आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करा. रॅकमध्ये उभी राहिलेली ट्यूब तशीच उघडली की वरचा प्लाझ्मा पिपेटमध्ये येतो आणि परजीवी असतात तांबड्या पेशींत, म्हणजे खाली. हलवायची म्हणजे शहाळ्यासारखी गदगदा नव्हे, पेशी फुटतात.

बोटातून घेत असाल तर मधलं किंवा अनामिका, टोकाच्या जरा बाजूला. स्पिरिट लावलं की सुकू द्या. सुकायच्या आत टोचलं तर स्पिरिट रक्तात मिसळतं आणि पेशंटलाही झोंबतं. पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळू नका, हात खाली सोडायला सांगितला की थेंब आपोआप येतो. साईटवरच्या माणसांची बोटं सिमेंटने खरवडलेली, कडक असतात, तिथे लॅन्सेट एकदाच पण नीट टोचा, तीनदा घाबरत टोचण्यापेक्षा ते बरं. लॅन्सेट लगेच पांढऱ्या शार्प्सच्या डब्यात. ट्रेमध्ये ठेवलेली लॅन्सेट कुणाच्या तरी बोटात शिरते, हा अनुभव सगळ्या वॉर्डांना आहे.

आता कार्ड. पाकीट फाडा, कार्ड सपाट टेबलावर ठेवा आणि त्यावर पेशंटचं नाव, बेड नंबर आणि वेळ लिहा. रक्त टाकण्याआधी लिहा. एकाच वेळी तीन कार्डं पडली आणि नावं नसली की कुठलं कुणाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

रक्त लागतं फक्त ५ मायक्रोलीटर. किटमधल्या लूपने किंवा पिपेटने रेघेपर्यंतच घ्या आणि रक्ताच्या खाचेत टेकवा, जेणेकरून ते पट्टीत शोषलं जाईल. जास्त रक्त म्हणजे जास्त खात्री, असं नवीन माणसाला वाटतं. उलट जास्त रक्ताने पट्टी लाल होऊन राहते आणि फिकट रेघ त्या लालीत बुडून जाते. कमी रक्ताने थोडे परजीवी असलेला पेशंट निसटतो.

मग बफर. बफरची खाच वेगळी असते, ती आधी डोळ्यांनी शोधा. दोन खाचांची अदलाबदल ही नवीन माणसाची सगळ्यात नेहमीची चूक. बाटली सरळ उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहान-मोठा पडतो. पहिल्या थेंबात बुडबुडा असेल तर तो बाहेर टाका. किती थेंब, ते किटप्रमाणे ठरतं, कुणाचे दोन, कुणाचे चार.

इथेच एक आठवण. आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलाने एकदा बफर संपला म्हणून दुसऱ्या कंपनीच्या किटमधली बाटली वापरली. त्या दुपारी तीन पेशंट पॉझिटिव्ह निघाले, तिघांच्याही काचा स्वच्छ. नवीन कार्डावर, आपल्या बफरने लावल्यावर तिघेही निगेटिव्ह. बफर म्हणजे पाणी नव्हे. त्याच्या जागी दुसऱ्या किटचा बफर, सलाईन किंवा डिस्टिल्ड वॉटर वापरलं की खोट्या रेघा येतात. बाटली संपली असेल तर कार्ड लावूच नका, स्टोअरला फोन करा.

वाचण्याची वेळ

टायमर लावा. मोबाईलचा चालेल. किटवर १५ मिनिटं असेल तर १५, २० असेल तर २०. त्याच्या आधी वाचलं तर फिकट रेघ अजून आलेली नसते, आणि किटवर दिलेल्या शेवटच्या मिनिटानंतर वाचलं तर पट्टी सुकताना नसलेली रेघ उमटू शकते.

ही दुसरी गोष्ट मी स्वतः केली आहे. नोकरीचं पहिलं वर्ष, एका खासगी लॅबमध्ये. कार्ड लावलं, तेवढ्यात सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या) मशीनने आवाज करायला सुरुवात केली, तिकडे गेले आणि परत आले ती पाऊण तासाने. आधी काही नव्हतं की होतं, आठवेना. खिडकीच्या उजेडात फाल्सिपेरमच्या जागी एक करडी सावली दिसत होती. मी पॉझिटिव्ह लिहिलं. काच कुणी मागितली नव्हती, म्हणून काढली नव्हती. पेशंट एक म्हातारी बाई, फाल्सिपेरमची औषधं सुरू झाली. दोन दिवसांनी तिच्या लघवीच्या कल्चरमधून तापाचं खरं कारण बाहेर आलं. तिचं काही बिघडलं नाही. मला मात्र तेव्हापासून टायमर वाजेपर्यंत दुसऱ्या टेबलावर जाववत नाही.

रेघांची भाषा

कंट्रोलची रेघ आलीच पाहिजे. ती नसेल तर बाकी कितीही रेघा असल्या तरी टेस्ट बाद, नवीन कार्ड. कंट्रोल रेघ इतकंच सांगते की द्रव पट्टीवरून नीट चढला. रक्त पुरेसं होतं की नाही, हे ती सांगत नाही. कंट्रोल आहे म्हणजे सगळं बरोबर झालं, असं धरू नका.

फक्त कंट्रोल असेल तर निगेटिव्ह. कंट्रोलबरोबर टेस्टची रेघ, कितीही फिकट असो, पॉझिटिव्ह. फिकट दिसली म्हणून 'वीकली पॉझिटिव्ह' असा नवा प्रकार काढू नका. आणि रेघ गडद आहे म्हणजे परजीवी जास्त, असंही डॉक्टरांना सांगू नका. कार्ड मोजत नाही.

खरा गोंधळ दोन रेघांच्या वेळी होतो, तिथे जरा थांबू. बाजारात दोन प्रकारची कार्डं आहेत. एकावर पीएफ आणि पीव्ही असतं, दुसऱ्यावर पीएफ आणि पॅन. बाहेरून जुळ्या भावांसारखी. पीएफ-पीव्ही कार्डावर दोन्ही रेघा आल्या तर मिश्र संसर्ग, म्हणजे फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स दोन्ही. पण पीएफ-पॅन कार्डावर दोन्ही रेघा आल्या तर तो नुसता फाल्सिपेरमही असू शकतो, कारण पॅनची रेघ सगळ्याच जातींनी उमटते. तिथे 'मिक्स' लिहिलं तर तुम्ही जे कार्डाला ठाऊक नाही ते लिहिलंत. पीएफ-पॅनवर फक्त पॅन आली तर फाल्सिपेरम सोडून दुसरी जात, आपल्याकडे बहुधा व्हायवॅक्सच. बहुधा म्हणते, कारण क्वचित कुठे फाल्सिपेरमचे असे परजीवी असतात ज्यांच्यात एचआरपी-२ चं जनुकच गळालेलं असतं. असे परजीवी आधी पेरूमध्ये, मग आफ्रिकेत, आणि थोड्या प्रमाणात भारतातही सापडले आहेत. ते पीएफची रेघ उमटवतच नाहीत.

स्टोअरने या महिन्यात पीव्ही दिलं आणि पुढच्या महिन्यात पॅन दिलं, असं होतं. टेंडर बदललं की कार्ड बदलतं, रेघांची जागासुद्धा वरखाली होते. डबा नवीन दिसला की कागद उघडून रेघांचं चित्र बघा आणि ते टेबलासमोर भिंतीला चिकटवा. जुनं चित्र काढून टाका, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवू नका.

जातीवर एवढा वेळ का घालवते? औषध त्यावर ठरतं. व्हायवॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन, कारण त्याचे परजीवी यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी परत उठतात. फाल्सिपेरमला आपल्याकडे आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनचं मिश्रण, प्रायमाक्विनचा एकच डोस. मिश्र असेल तर फाल्सिपेरमची औषधं आणि वर १४ दिवस प्रायमाक्विन. गरोदर बाईला प्रायमाक्विन नाही, आणि १४ दिवसांचं सुरू करण्याआधी रक्तातलं जी६पीडी हे एन्झाइम कमी नाही ना, ते बघायला हवं. हे सगळं डॉक्टर ठरवतात. पण तुमच्या एका चुकीच्या अक्षराने कुणाला तरी दोन आठवड्यांच्या गोळ्या नको असताना मिळतात, किंवा हव्या असताना मिळत नाहीत.

पॉझिटिव्ह कार्ड, पण ताप दुसराच

तिशीचा एक पेशंट, ओडिशाहून आलेला, पर्वरीच्या बाजूला सेंटरिंगच्या कामावर. चार दिवस ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की बेडवरून पाय खाली सोडवेना. कार्ड लावलं, पीएफची ठसठशीत रेघ. फोनवर सांगायच्या आधी मी काच बघायला घेतली. थिक स्मिअरवर, म्हणजे रक्ताच्या जाड थरावर, दोनशे फील्ड (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसतो तेवढा भाग) बघितले, एकही रिंग (परजीवीचं अंगठीसारखं रूप) नाही. वॉर्डात जाऊन विचारलं, "पहले कभी मलेरिया हुआ था?" त्याने उशीखालून एक चुरगळलेली गोळ्यांची पट्टी काढली. बारा दिवसांपूर्वी गावी फाल्सिपेरम निघाला होता, औषध पुरं करूनच तो गाडीत बसला होता.

म्हणजे कार्डाने दाखवली ती दारातली चप्पल. रिपोर्टवर मी तिन्ही गोष्टी लिहिल्या: कार्ड पीएफ पॉझिटिव्ह, थिक आणि थिन (पातळ थराच्या) स्मिअरमध्ये परजीवी नाहीत, बारा दिवसांपूर्वी फाल्सिपेरमचा उपचार झाल्याचं पेशंट सांगतो. डॉक्टरांनी लेप्टोची तपासणी पाठवली आणि त्याच संध्याकाळी पेनिसिलिन सुरू केलं. लेप्टोच होता.

तर, गेल्या महिन्याभरात मलेरियाचं औषध घेतलं का, हा प्रश्न रक्त घेतानाच विचारा. फॉर्मवर तो नसतो. हाताने लिहा. आणि उपचार लागू पडतोय का हे बघायला एचआरपी-२ चं कार्ड पुन्हा लावू नका, ते पॉझिटिव्हच राहणार. त्यासाठी रोजची काच. संधिवाताच्या काही पेशंटांमध्ये र्‍हुमॅटॉईड फॅक्टरमुळेही खोटी रेघ येऊ शकते, तिथेही निवाडा काचच करते.

निगेटिव्ह कार्ड, पण मलेरियाच

हे जास्त धोक्याचं. कार्डाला साधारण एका मायक्रोलीटरला १०० ते २०० परजीवी लागतात. तापाच्या पहिल्या दिवशी, किंवा बाहेरून दोन गोळ्या खाऊन आलेल्या पेशंटमध्ये, त्याहून कमी असू शकतात. गरोदर बाईत फाल्सिपेरमचे परजीवी वारेत अडकून बसतात आणि बोटाच्या रक्तात सापडत नाहीत. उलट टोकाला, परजीवी प्रचंड असले की एचआरपी-२ इतकं होतं की रेघ उमटण्याची रासायनिक क्रियाच कोंडते आणि कार्ड फिकट किंवा निगेटिव्ह दिसतं. हे क्वचितच होतं, पण होतं ते सगळ्यात आजारी माणसात.

म्हणून कार्ड निगेटिव्ह आणि काचही निगेटिव्ह, तरी शंका असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा काच, असं तीनदा. ताप चढलेला असतानाच रक्त घ्यायला हवं, असं सगळ्या वॉर्डांत मानतात. त्या नादात कुणी ताप चढायची वाट बघत बसू नये. शंका आली तेव्हा घ्या, मग परत घ्या.

बेशुद्धी, झटके, काळपट लघवी, कावीळ, दम, साखर खाली, यातलं काही फॉर्मवर दिसलं तर टायमर वाजायच्या आधीच डॉक्टरांना फोन करून सांगा की नमुना लागला आहे, इतक्या मिनिटांत निकाल येईल. आणि निगेटिव्ह आला तर फोनवर 'निगेटिव्ह' एवढंच म्हणून ठेवू नका. "कार्ड निगेटिव्ह, काच सुकतेय, तासाभरात सांगते," असं म्हणा.

काच

राष्ट्रीय कार्यक्रमाचं धोरण असं की जिथे २४ तासांत काचेचा निकाल मिळू शकतो तिथे काच आधी, जिथे नाही तिथे कार्ड. हॉस्पिटलात दोन्ही हाताशी असताना एकावर भागवायचं कारण नाही.

ईडीटीए ट्यूबमधून काढणार असाल तर लवकर काढा, शक्यतो तासाभरात. रक्त ट्यूबमध्ये राहिलं की परजीवींचा आकार बदलायला लागतो आणि मग जात ओळखताना भांडणं होतात. एकाच काचेवर थिक आणि थिन काढता येतात. थिकमधून छापील अक्षर पुसट का होईना दिसलं पाहिजे, इतकीच जाड. थिनचं टोक जिभेसारखं. थिक पूर्ण सुकल्याशिवाय रंगात घालू नका, धुताना निघून जातं. पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो, पंख्याखाली ठेवा, पण गरम करू नका. थिन मिथेनॉलने फिक्स करा, थिक कधीच नाही. रंग जेएसबी किंवा गीम्सा, जो तुमच्याकडे असेल तो.

तेल टाकून १०० च्या लेन्सवर थिकचे निदान दोनशे फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नका. दोनशे म्हणजे कंटाळा येईपर्यंत बघून वर आणखी तेवढेच.

पॉझिटिव्ह असेल तर मोजा. थिकवर २०० पांढऱ्या पेशी मोजता मोजता किती परजीवी दिसले ते लिहा, ८००० ने गुणा, २०० ने भागा. दीडशे परजीवी दिसले तर १५० गुणिले ८००० भागिले २००, म्हणजे मायक्रोलीटरला ६०००. पेशंटचा खरा पांढऱ्या पेशींचा आकडा सीबीसीत असेल तर ८००० च्या जागी तो घ्या. मग उद्या हा आकडा किती उतरला ते डॉक्टरांना दिसतं. कार्डाने हे कधीच दिसणार नाही. थिनवर जात बघा. व्हायवॅक्सच्या पेशी फुगलेल्या, फाल्सिपेरमच्या रिंगा नाजूक, एकाच पेशीत दोन-दोन, आणि केळ्यासारखी गॅमेटोसाईट दिसली तर प्रश्नच मिटला.

लिहायचं काय, कळवायचं कुणाला

रिपोर्टवर 'एमपी पॉझिटिव्ह' एवढंच लिहू नका. कुठलं कार्ड, कुठली रेघ, काचेवर जात आणि आकडा. कार्ड आणि काच यांचं जमलं नाही तर दोन्ही निकाल जसे आले तसे लिहा. एक लपवून दुसरा द्यायचा अधिकार आपल्याला नाही.

पॉझिटिव्ह पेशंटचा पत्ता म्हणून 'म्हापसा' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. कुठली साईट, कुठला ठेकेदार, झोपडी की खोली, गोव्यात कधी आला. आल्याची तारीख महत्त्वाची, कारण डास चावल्यावर ताप यायला आठवडाभराहून जास्त लागतो. परवा आलेल्याने मलेरिया बरोबर आणला, तीन महिने एकाच साईटवर राहिलेल्याला तो बहुधा तिथेच मिळाला. तशी माहिती त्या भागातल्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी गेली तर तिथला कर्मचारी टाक्या बघायला, शेजारच्यांचं रक्त घ्यायला जाऊ शकतो. नुसत्या 'म्हापसा'वरून तो बिचारा कुठे जाणार?

वापरलेलं कार्ड तुमच्या हॉस्पिटलाने ठरवलेल्या रंगाच्या पिशवीत. ड्रॉवरमध्ये जपून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते उचलून बघतो आणि "ह्यावर तर रेघ आहे" म्हणून वॉर्डाला फोन लावतो. पुरावा हवा असेल तर वेळेत वाचल्यावर फोटो काढा, कार्डावरची वेळ दिसेल असा.

ड्युटी बदलताना तोंडी निरोपावर राहू नका. आमच्या टेबलावर एक लांबट वही आहे, तिच्यात काल रात्रीची शेवटची ओळ अशी: "बेड ९, बाई, सातवा महिना, कार्ड निगे., काच निगे. २०० फील्ड, पुढची काच स. ८ वा., सिस्टरना सांगितलंय." सकाळी आठ दहाला खाली दुसऱ्या अक्षरात आलं: "घेतली. सुकतेय."